फाटलेला तंबू, उघडलेला सोल: चिकटपट्टी निवडावी की गोंद?

तंबूला काट्याची खोच पडली, सॅकचा तळ घासून विरला किंवा बुटाचा सोल पुढून उघडला, की बहुतेक जण सर्वांत घट्ट चिकटणारा गोंद शोधू लागतात. प्रत्यक्षात ताकद कमी पडल्यामुळे दुरुस्ती फसल्याचे मी फार थोड्या वेळा पाहिले आहे. ती फसते ती दोन कारणांनी: एक तर कापडावर कोणता लेप आहे हे न पाहता गोंद लावला जातो, किंवा जिथे वस्तू सतत दुमडते आणि ताणते तिथे कडक होणारा गोंद वापरला जातो. पुढील सगळी तुलना या दोन गोष्टींना धरून आहे.

प्रथम चिकटपट्ट्या पाहू. डक्ट टेप म्हणजे धाग्यांची विरळ जाळी, तिच्यावर पॉलिथिनचा थर आणि खाली रबरी गोंद. ती हाताने फाटते, लगेच पकड घेते आणि तुटलेल्या काठीपासून गळक्या बाटलीपर्यंत कशालाही गुंडाळता येते. हे गुण वाटेवर अमूल्य आहेत. मात्र उन्हात तिचा गोंद मऊ होऊन कडांमधून बाहेर सरकतो, त्यावर धूळ बसते आणि पट्टी काढल्यावर उरलेला चिकट थर नीट पुसून काढल्याशिवाय त्यावर दुसरे कोणतेही ठिगळ टिकत नाही. पिसांच्या जॅकेटच्या बाहीवर मी एकदा ही पट्टी लावली होती. आठवड्याने ती ओढून काढताना तिच्या गोंदाला चिकटून पिसांचा पुंजका बाहेर आला आणि हरभऱ्याएवढे भोक बोटभर लांब झाले. तेव्हापासून पातळ कापडावर मी ती लावत नाही.

टेनेशियस टेपसारख्या खास दुरुस्तीच्या पट्ट्या नायलॉनच्या किंवा पारदर्शक टीपीयूच्या (रबरासारख्या लवचीक प्लास्टिकच्या) असतात. त्या कापडाबरोबर वळतात आणि नीट लावल्या तर कायमच्या राहतात. ‘नीट लावणे’ याला इथे फार महत्त्व आहे. जागा अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावी, कारण जॅकेटवरील पाणी झटकणारा लेप आणि हाताचा तेलकटपणा हे दोन्ही पकड कमी करतात. ठिगळ फाटीच्या चारही बाजूंनी किमान अडीच सेंटिमीटर जास्त घ्यावे आणि त्याचे कोपरे गोल कापावेत, कारण टोकदार कोपरा कशाला तरी अडकतो आणि तिथूनच ठिगळ सोलून यायला लागते. नंतर चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे जोर देत घासावे. अशा पट्टीचा गोंद दाबाने आणि वेळेने मुरतो, म्हणून धुण्याआधी किंवा जोराचा ताण देण्याआधी एक दिवस जाऊ द्यावा. थंडीत तो कडक होऊन पकड घेत नाही. अशा वेळी पट्टी आणि कापड दोन्ही आधी अंगाच्या उबेने गरम करून घेणे चांगले.

आता खरी गुंतागुंत येते ती लेपाची. तंबूच्या नायलॉनवर साधारणपणे पॉलियुरेथेनचा किंवा सिलिकॉनचा लेप असतो. पॉलियुरेथेनवर युरेथेन गोंद आणि नेहमीच्या पट्ट्या उत्तम बसतात, सिलिकॉनवर मात्र सिलिकॉनखेरीज जवळजवळ काहीच टिकत नाही. ओळखण्यासाठी मी साध्या पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा तंबूच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर दाबून पाहतो: लेप सिलिकॉनचा असेल तर तुकडा काहीही विरोध न करता निसटतो, पॉलियुरेथेनचा असेल तर ओढावा लागतो. ही परीक्षा कापडाच्या दोन्ही बाजूंना करावी, कारण बाहेरून सिलिकॉन आणि आतून पॉलियुरेथेन अशी रचना अनेक तंबूंमध्ये असते, आणि तिथे आतून लावलेली साधी पट्टी पुरते. दोन्ही बाजूंना सिलिकॉन असेल तर त्यासाठी मुद्दाम बनवलेले ठिगळ किंवा सिलिकॉन गोंद यांपैकीच निवड उरते. शंका असताना सिलिकॉन आधी लावून पाहू नये, असे मी आग्रहाने सांगेन. युरेथेनचा चुकलेला थर सोलून काढता येतो, पण ज्या जागेवर एकदा सिलिकॉन बसले तिथे पुढे दुसरा गोंद धरत नाही.

शिवण गळत असेल तर पट्टीपेक्षा गोंद बरा, कारण सुईच्या भोकांमध्ये तो उतरतो. सीम ग्रिपसारखा युरेथेन गोंद हवेतील ओलाव्याने पक्का होतो, त्याला रात्रभर द्यावी लागते आणि वाळल्यावरही तो रबरासारखा लवचीक राहतो. याच गुणामुळे हवा भरायच्या मॅटच्या सुईएवढ्या छिद्रासाठी तो मला पट्टीपेक्षा अधिक भरवशाचा वाटतो. मॅट फुगवून साबणाचे पाणी लावले की बुडबुड्यांची बारीक माळ छिद्र दाखवते. तिथे पेनाने गोल खूण करावी, हवा पूर्ण काढावी, जागा पुसावी, थेंब लावून सपाट पसरावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मॅटला हात लावू नये. छिद्राऐवजी लांब चीर असेल तर वरून ठिगळही हवे. पीव्हीसीच्या फुगवायच्या वस्तूंचे गणित वेगळे आहे, कारण त्यांतील मऊपणा आणणारे द्रव्य हळूहळू गोंदात उतरून त्याची पकड सैल करते. त्यांना पीव्हीसीचाच गोंद किंवा टिअर-एड या दुरुस्तीच्या पट्टीचा ‘बी’ प्रकार घ्यावा.

बुटांसाठी सामना कॉन्टॅक्ट सिमेंट (दोन्ही बाजूंना लावून, थोडे सुकवून मग जोडायचा गोंद) आणि युरेथेन यांच्यात आहे. सोल जागेवर बरोबर बसत असेल तर कॉन्टॅक्ट सिमेंट सरस ठरते: दोन्ही पृष्ठभाग घासून खरखरीत करायचे, दोन्हींवर पातळ थर द्यायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचे आणि मग एकदाच, अचूक जुळवून जोरात दाबायचे, कारण नंतर सोल सरकवता येत नाही. कड झिजून फट राहिली असेल तर ॲक्वासीलसारखा युरेथेन गोंद ती फट भरून काढतो, पण त्याला रात्रभर आवळून बांधावे लागते. क्षणात चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद इथे टाळावा. तो वाळून काचेसारखा ठिसूळ होतो आणि पाऊल जिथे दुमडते तिथे तडकतो. शिवाय सुती कापडावर सांडला तर इतक्या वेगाने तापतो की कातडी भाजू शकते. दुरुस्तीआधी सोलच्या मधला फेसासारखा थर नखाने दाबून पाहावा. पॉलियुरेथेनचा हा थर वर्षानुवर्षांच्या ओलाव्याने आतून विघटित होतो, आणि तो भुगा होत असेल तर कोणताही गोंद उपयोगाचा नाही. जुन्या तंबूचा आतला लेप चिकट होऊन पापुद्रे सुटू लागले असतील तर त्याचेही तेच.

इपॉक्सी, म्हणजे दोन घटक मिसळून कडक होणारा गोंद, कडक, न वाकणाऱ्या भागांसाठी ठेवावी. पण पॉलिथिन, पॉलिप्रोपिलिन किंवा ॲसिटल या प्लास्टिकांच्या बकलांवर तीही धरत नाही, त्यामुळे तुटलेले बकल बदलणेच योग्य. डायनीमा कंपोझिट या अतिशय हलक्या, पातळ पत्र्यासारख्या कापडाला सुई लावू नये. त्याच कापडाची ॲक्रिलिक गोंदाची पट्टी वापरावी आणि ठिगळ मोठे घ्यावे, कारण असा जोड आडव्या ओढीला भक्कम असतो, पण कडेवरून सोलल्यास लवकर सुटतो.

चढाईचा दोर, हार्नेस आणि जीव ज्यावर टांगला जातो असे पट्टे यांच्यासाठी ही तुलना नाही. त्यांना कापले-फाटले असेल तर ते बाद करावेत. हेल्मेटलाही गोंद लावू नये, कारण गोंदातील विद्रावक प्लास्टिकला न दिसणारे तडे पाडू शकतो.

सोबत नेण्यासाठी मी दुरुस्तीच्या पट्टीचे दोन तुकडे, काठीला गुंडाळलेली हातभर डक्ट टेप, अल्कोहोलमध्ये भिजवलेली दोन पुसणी आणि युरेथेनची न उघडलेली छोटी ट्यूब घेतो. उघडलेली ट्यूब हवेतील ओलाव्याने आतल्या आत घट्ट होत जाते, म्हणून ती घरी फ्रीझरमध्ये राहते, आणि वापरण्याआधी बंद अवस्थेतच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी लागते.