गोठ्यातला दिवा आणि सीएन ३७९१ चं बोर्ड

कोल्हापूरजवळ चिखलीला आमच्या चार म्हशी आहेत. दिवसभर मी उद्यमनगरात लेथवर असतो, पण पहाटे साडेचारची धार माझीच. २०१९ च्या पुरात जनावरं वर माळावर हलवली आणि लाईट येईपर्यंत रोज टॉर्च दातात धरून धारा काढल्या. तेव्हाच ठरवलं, गोठ्याचा सोलर दिवा आपला आपण करायचा.

घरी १० वॅटचं '१२ व्होल्ट'चं सोलर पॅनेल पडून होतं. एका दुकानात टीपी ४०५६ चं, म्हणजे लिथियम सेल चार्ज करायच्या चिपचं बोर्ड घेतलं, तीस रुपये. पॅनेल सांगितलं, तर दुकानदार म्हणाला, "लावा बिनधास्त, चालतंय की." लावलं. टक्क! आणि जळका वास. नंतर मीटर लावून बघितलं, तर काही न जोडलेलं मोकळं पॅनेल उन्हात २१ व्होल्ट दाखवत होतं. त्या चिपला ८ च्या वर सोसत नाही. पॅनेलवरचे १२ म्हणजे '१२ व्होल्टच्या बॅटरीसाठी' एवढंच; ते काम करतं १७-१८ वर. चूक माझीही, मीटर खिशात असून लावला नाही.

मग ऑनलाईन सीएन ३७९१ मागवलं, सोलरवरून सेल चार्ज करायचं दुसरं बोर्ड, १९० रुपयांना. हे २८ व्होल्टपर्यंत घेतं आणि लिथियमच्या एका सेलला ४.२ वर नेऊन थांबतं. टीपी जादाचं व्होल्टेज नुसतं तापून घालवतो. हे बोर्ड कॉइलमधून ते उतरवतं, त्यामुळं पॅनेलचा अर्धा अँपिअर बॅटरीत जाताना दीडच्या घरात पोचतो. इथं मात्र खरंच नाद खुळा काम आहे.

पण एक मेख आहे. पॅनेल किती व्होल्टवर धरून ठेवायचं हे बोर्डावरचे दोन रेझिस्टर ठरवतात, आणि बाजारात ६, ९, १२, १८ असे वेगवेगळे प्रकार येतात. १२ चं पॅनेल म्हणून मी १२ चं बोर्ड मागवलं आणि परत फसलो. पॅनेल १२ वर अडकून बसलं, बॅटरीत १.२ अँपिअर. बारीक टोकाची सोल्डरिंग गन घेऊन दोन्ही रेझिस्टर काढले. खाली १० किलोओहम, वर १२० आणि ६.८ एकापुढे एक. हिशेब सोपा: चिपचे ठरलेले १.२०५ व्होल्ट गुणिले (एक अधिक वरचा भागिले खालचा), म्हणजे साडेसोळा व्होल्ट. पत्र्यावर तापलेल्या पॅनेलचं व्होल्टेज थोडं उतरतं, म्हणून पूर्ण १८ धरले नाहीत. त्याच दुपारी, त्याच उन्हात बॅटरीतला करंट १.५ अँपिअरच्या वर गेला. तुम्ही घेणार असाल तर पॅनेल काम करतं ते व्होल्ट बघून त्याच्या जवळचंच बोर्ड मागवा, माझ्यासारखी डोळेफोड करू नका.

दुसरी उणीव म्हणजे हे बोर्ड फक्त चार्ज करतं. दिवा रात्रभर राहिला तर सेल पार रिकामा होईल, त्याला अडवणारं यावर काही नाही. चाळीस रुपयांचं प्रोटेक्शन बोर्ड वेगळं लावावं लागलं. पाकिटात वायरिंगची साधी चिठ्ठीही नव्हती. पाचपैकी साडेतीन देईन.

सेलबद्दल एक सांगतो. ९९०० एमएएच (साठवणुकीचा आकडा) लिहिलेले १८६५० आकाराचे लिथियम सेल दिसले तर हातही लावू नका. चांगला सेलही साधारण ३५०० च्या आसपास असतो. मी २६०० चे दोन नवे घेतले, दोन्ही आधी वेगवेगळे पूर्ण चार्ज केले आणि मगच शेजारी शेजारी, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडले. ३ वॅटची एलईडी संध्याकाळची धार आणि पहाटेची धार धरून आरामात निघते. आषाढात चार दिवस सूर्य दिसला नाही, तेव्हा भर दुपारी १०० मिलीअँपिअरही मिळेनात. त्या आठवड्यात परत टॉर्च.

बोर्ड आणि सेलचा डबा आधी पत्र्याच्या खालीच ठोकला होता. एप्रिलात हात लावला तर चटका. लिथियमला ४५ अंशांच्या वर चार्ज करणं बरं नाही, म्हणून तो खाली दगडी भिंतीवर सावलीत आणला. तिथं मोठ्या म्हशीनं शिंग घासून पहिल्याच आठवड्यात वायर ओढून काढली. आता वायर पाइपात घालून दावणीपासून दोन हात वर घेतली आहे.