कार्ड निवडताना चिप आधी बघा, रूप नंतर

नवं क्रेडिट कार्ड घ्यायचं म्हटलं की आधी डिझाइनं समोर येतात. काळं मॅट, धातूचं, उभ्या मांडणीचं, आपला फोटो छापलेलं. त्यात आवडत्या चित्रावर चिपचा तो सोनेरी चौकोन अनेकांना खुपतो, आणि काही जण तर चिप नसलेलं जुनं कार्ड चालतंय तोवर बदलायला तयार नसतात. माझं मत स्पष्ट आहे: चिपवर तडजोड नको. रूपाची हौस जरूर करा, पण रूपातल्या कुठल्या गोष्टीने फरक पडतो ते समजून घेऊन करा.

आधी पट्टी आणि चिप यांतला फरक. मागच्या काळ्या चुंबकीय पट्टीवरची माहिती कायम तीच राहते. एटीएमच्या तोंडाशी चोरांनी बसवलेल्या स्किमरने, म्हणजे पट्टी वाचणाऱ्या छोट्या यंत्राने, ती एकदा वाचली की दुसऱ्या कार्डावर जशीच्या तशी उतरवता येते. चिप म्हणजे छोटासा संगणकच. कार्ड मशीनमध्ये घातलं की तिला वीज मिळते. मशीन रक्कम, तारीख आणि दर वेळी नवा असा एक आकडा तिला पाठवतं. चिप स्वतःच्या गुप्त किल्लीने त्यावर सांकेतिक उत्तर तयार करते आणि बँक ते तपासते. किल्ली कार्डाबाहेर येतच नाही, आणि ते उत्तर त्या एकाच व्यवहारापुरतं असतं. चोराने मधल्या मध्ये पकडलं तरी पुढच्या खरेदीला त्याचा काही उपयोग नाही. हा फरक इतका मोठा आहे की त्यापुढे चित्र थोडं झाकलं जाण्याची तक्रार मला टिकणारी वाटत नाही.

शिवाय बिनचिपीचा पर्याय आता संपत चाललाय. फ्रान्समध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बँक कार्डांवर चिप आली. अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ पासून बनावट कार्डाचं नुकसान चिपची सोय न करणाऱ्या बाजूवर, म्हणजे बँकेवर किंवा दुकानदारावर, पडू लागलं. मास्टरकार्डने तर २०३३ पर्यंत आपल्या कार्डांवरून पट्टीच काढून टाकायचं जाहीर केलंय.

तो सोनेरी चौकोन म्हणजे नुसती संपर्कपट्टी. खरी चिप तिच्याखाली, तिच्याहून लहान असते. चौकोनाची जागा आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवलेली आहे, कारण मशीनमधले स्पर्शबिंदू तिथेच टेकतात. त्यामुळे तो लपवता किंवा सरकवता येत नाही. वरून स्टिकर लावायचा मोहही टाळा. कार्डाची जाडी साधारण ०.७६ मिलिमीटर असते, स्टिकरने ती वाढली की कार्ड मशीनमध्ये अडकू शकतं.

धातूचं कार्ड हातात भारदस्त वाटतं, पण तेवढ्याने ते जास्त सुरक्षित होत नाही. उलट धातू रेडिओलहरींना अडवतो, म्हणून टॅप (कार्ड मशीनजवळ नुसतं धरून पैसे देणं) चालावं यासाठी बनवणाऱ्यांना आत वेगळा थर द्यावा लागतो. मुदत संपल्यावर ते घरच्या कात्रीने कापलंही जात नाही. स्वतःच्या फोटोचं म्हणाल, तर मशीन चेहरा बघत नाही. आवडत असेल तर खुशाल छापून घ्या.

रूपातली खरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे कार्डावर काय छापलंय. उठावदार आकडे आले ते कार्बन कागदावर ठसा घेण्यासाठी, आणि ती गरज आता जवळपास संपलीय. ऑनलाइन खरेदीत चिपचा काही उपयोग होत नाही. तिथे कार्ड नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही (कार्डावरचा छोटा सुरक्षा आकडा) चालतात, आणि हे तिन्ही कार्डावर छापलेले असले की ओटीपी न मागणाऱ्या ठिकाणी चोराला एक फोटो पुरतो. म्हणून नंबर न छापलेलं, तपशील ॲपमध्ये दाखवणारं कार्ड मिळत असेल तर तेच घ्या. दिसायलाही ते सगळ्यांत सुटसुटीत असतं.

दुकानात आणि एटीएमवर जास्त वापर असेल तर चिप आणि पिन दोन्ही असलेलं कार्ड पाहिजेच. बहुतेक खरेदी ऑनलाइन असेल तर बिननंबरी कार्डाला पसंती द्या आणि ॲपमधून ऑनलाइन व्यवहार बंद-चालू करता येतात का ते विचारा. एवढं जुळलं की रंग, चित्र, उभं-आडवं हे सगळं तुमच्या मनावर. जुनं पट्टीचं कार्ड पाकिटात असेल तर बँकेकडून ते बदलून घ्या, आणि फेकण्याआधी कात्रीने पट्टी आडवी कापून तिचे तुकडे करा.