५० एमएम एफ/१.८ लेन्स: छंद, पहिली कामं आणि प्रवास, भरपूर वापरानंतरचा अनुभव

ही लेन्स घेण्याआधी मी तिच्याबद्दल सापडेल ते वाचलं होतं. बहुतेकांनी हातात आल्यावर आठवड्याभरात लिहिलेलं, आणि पार्श्वभूमी किती सुंदर धूसर होते यावरच सगळा भर. धूसर होते, खरंच सुंदर होते. पण ती पहिल्या आठवड्याची मजा झाली. माझ्या कॅमेऱ्यावरून ही लेन्स आता कित्येक महिने फारशी उतरलेली नाही. घरच्यांचे फोटो, पैसे घेऊन केलेली पहिली कामं, डोंगरातले आणि किनाऱ्यावरचे प्रवास, सगळं हिच्यावर झालं. इतक्या वापरानंतर मला तिच्याबद्दल जे महत्त्वाचं वाटतं ते धूसर पार्श्वभूमीपेक्षा वेगळं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कंपनीचं नाव देत नाही. ५० एमएम एफ/१.८ जवळपास प्रत्येक कॅमेरा कंपनी बनवते आणि मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं या फोकल लेंग्थला (५० एमएम, यावर चित्राचा आवाका ठरतो) आणि या अपर्चरलाच (एफ/१.८, प्रकाश आत घेणारं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) लागू पडतं. माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे एपीएस-सी; चित्र टिपणारा त्याचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान असतो. या लेन्सआधी कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ एमएमची झूम, म्हणजे किट लेन्स, वापरत होते.

क्रॉप सेन्सरचा मुद्दा आधी नीट समजून घ्या, कारण खरेदी तिथेच ठरते. फुल फ्रेम म्हणजे ३६ × २४ मिमीचा सेन्सर, त्याचा कर्ण सुमारे ४३ मिमी. फोकल लेंग्थ या कर्णाच्या आसपास असली की चित्र ना फार पसरट वाटतं ना फार ओढून आणलेलं. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला तो ५० एमएम लेन्स घेऊनच, आणि फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यभराचं बहुतेक काम ५० एमएमवर केलं. हे वाचून मी भारावून गेले होते. पण एपीएस-सीवर हीच लेन्स कंपनीनुसार फुल फ्रेमच्या ७५ किंवा ८० एमएमसारखी दिसते. म्हणजे 'डोळ्याला दिसतं तसं' वगैरे वर्णन आपल्याला लागू नाही. आपल्या हातात येते ती छोटी पोर्ट्रेट लेन्स, आणि ती तशीच वापरली तर फार गुणी आहे.

आता प्रकाश. किट लेन्स ५५ च्या टोकाला एफ/५.६ पर्यंतच उघडते. एफ/१.८ त्याच्या साडेनऊ पटींहून जास्त प्रकाश आत घेते. संध्याकाळी खोलीत जिथे १/१५ सेकंदावर हात हलून फोटो वाया जायचे, तिथे त्याच आयएसओवर (सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा) १/१२५ मिळतो आणि थोडा प्रकाश उरतोसुद्धा. मला वाटतं नवख्या माणसाच्या छंदाला खरी धार इथे येते. फ्लॅश काढायचा, त्याचा प्रकाश भिंतीवरून परतवायचा, सावल्या सांभाळायच्या, या सगळ्याच्या आधी खिडकीतून येणारा किंवा टेबलावरच्या दिव्याचा प्रकाश बघायची सवय लागते. प्रकाश कुठून येतोय, चेहऱ्यावर कुठे संपतोय, डोळ्यात त्याचा ठिपका पडतोय का, हे मी या लेन्सनंतर बघायला लागले.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अंतर. झूम असली की जागेवर उभं राहून फ्रेम ठरते. इथे पाय हलवावे लागतात, हे सगळेच सांगतात. त्यापुढचं फार कोणी सांगत नाही: चेहऱ्याचा आकार कसा दिसणार, नाक मोठं वाटणार की नाही, मागचा डोंगर किती जवळ भासणार, हे लेन्सवर ठरत नाही, तुम्ही किती अंतरावर उभे आहात त्यावर ठरतं. १८ एमएमवर चेहरा फ्रेमभर आणायचा तर नाकाजवळ जावं लागतं आणि चेहरा फुगतो. ५० एमएमवर तोच चेहरा खांद्यांसकट टिपायला दीड-दोन मीटर मागे राहावं लागतं, आणि त्या अंतरावरून माणूस समोर बसून बोलताना दिसतो तसा दिसतो. दीड-दोन मीटर म्हणजे गप्पांचं अंतर. समोरच्याच्या अंगावर जावं लागत नाही आणि ओरडूनही बोलावं लागत नाही. माझ्या पोर्ट्रेटमध्ये जो काही फरक पडला तो धूसर पार्श्वभूमीमुळे नाही, या अंतरामुळे पडला असं माझं ठाम मत आहे. मी माणसांशी बोलत फोटो काढायला लागले.

पैसे घेऊन केलेलं पहिलं काम लहान मुलाच्या वाढदिवसाचं होतं, तेही एका छोट्या खोलीत. तिथे या लेन्सची मर्यादा लगेच कळते. उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत उभ्या फ्रेममध्ये बसवायला साधारण चार मीटर मागे जावं लागतं. अडीच मीटर रुंदीचा घोळका घ्यायचा तर पाच मीटरहून जास्त. खोलीत तेवढी जागा नसतेच. म्हणून गट-फोटो किट लेन्सवर आणि मुलांचे चेहरे, हात, फुग्यामागे धावतानाचे क्षण ५० वर, अशी वाटणी मी घरूनच ठरवून गेले होते आणि ती उत्तम चालली. कुटुंबाने छापून घेतलेले फोटो बहुतेक सगळे ५० वरचे होते. मात्र ही एकटीच लेन्स घेऊन घरगुती कार्यक्रमाचं काम स्वीकारू नका.

फोकसच्या बाबतीत एक हिशोब डोक्यात पक्का ठेवा. क्रॉप सेन्सरवर दोन मीटर अंतरावर एफ/१.८ ला स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ११ सेंमी असतो. एक मीटरवर तोच तीन सेंमीच्याही आत येतो. एक डोळा स्पष्ट आणि दुसरा पुसट, ही तक्रार लेन्सची नाही, या गणिताची आहे. एका माणसासाठी मी एफ/२.२ ते २.८ वर जाते, दोघं शेजारी असतील तर एफ/४, म्हणजे दोन मीटरवर साधारण पाव मीटरचा पट्टा मिळतो. फोकस मधल्या बिंदूवर लॉक करून मग फ्रेम सरकवण्याची सवय एफ/५.६ वर खपून जाते, इथे नाही. फोकसचा बिंदू थेट डोळ्यावर न्यायचा किंवा कॅमेऱ्यात डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती चालू ठेवायची.

नंतर एका नृत्यवर्गाच्या कार्यक्रमाचं काम आलं. ते या लेन्सचं सगळ्यात आवडतं काम. रंगमंचाच्या दिव्यांत एफ/२, १/२५० आणि आयएसओ १६०० ते ३२०० च्या दरम्यान राहून गिरकीतले कपडे हलते आणि चेहरा स्थिर असे फोटो मिळाले. दिवे रंग बदलत असतात म्हणून रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, घरी बसवता येतो. लाल दिव्यात त्वचेचा तपशील पटकन जळतो, हे पडद्यावरच्या एकत्रित हिस्टोग्राममध्ये (उजेड-अंधाराच्या आलेखात) कळत नाही. लाल रंगाचा वेगळा आलेख बघायचा.

हस्तकलेच्या वस्तूंचे फोटो काढून देण्याचं कामही केलं. तिथे लेन्स अर्धवट पुरते. माझ्या लेन्सचं किमान अंतर ४५ सेंमी आहे, तेवढ्यावरून सुमारे १५ सेंमी रुंदीचा भाग फ्रेमभर येतो. मातीच्या भांड्यांना पुरेसं आहे, कानातल्यांना नाही. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये १२ एमएमची एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे पोकळ कडं, लावली की मॅग्निफिकेशन (वस्तूच्या तुलनेत सेन्सरवरच्या प्रतिमेचा आकार) १२ भागिले ५०, म्हणजे ०.२४ ने वाढतं. ट्यूबमध्ये काच नसते, त्यामुळे नव्या भिंगाचे दोष चित्रात शिरत नाहीत. अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स परवडेपर्यंत हा मार्ग चांगला आहे.

प्रवासाबद्दल मात्र मी भरभरून लिहिणार आहे, कारण तिथे मला या लेन्सने सगळ्यात जास्त दिलं. डोंगरात जाताना मी किट लेन्स मुद्दाम घरी ठेवली. समोर पसरलेली अख्खी दरी एका फ्रेममध्ये येत नाही, आडव्या फ्रेमचा कोन २७ अंशांच्या आसपासच असतो. मग दरीतला एक तुकडा निवडावा लागतो. पहाटे धुकं खाली साचलेलं, एकामागे एक डोंगररांगा, प्रत्येक रांग मागचीपेक्षा गडद. १८ एमएमवर त्या रांगा चिमुकल्या रेघा झाल्या असत्या. ५० वर तीनच रांगा घेतल्या आणि त्या भिंतीवर लावण्याइतक्या ठसठशीत आल्या. अख्खी दरी हवीच असेल तर कॅमेरा उभा धरून, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने बांधून, शेजारच्या फ्रेम एक तृतीयांश एकमेकींवर येतील अशा काढा आणि नंतर जोडा. असे जोडलेले फोटो मोठ्या छपाईलाही पुरतात.

किनाऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ जाळं दुरुस्त करत बसले होते. फोटो काढू का विचारलं, त्यांनी मान हलवली आणि हात थांबवला नाही. मी दोन मीटरवर बसले, ते जाळ्याबद्दल सांगत राहिले, मी अधूनमधून शटर दाबत राहिले. त्यांच्या बोटांचा, सुईचा आणि दोऱ्याचा जो फोटो आला तो माझ्या आतापर्यंतच्या फोटोंत मला सगळ्यात जवळचा आहे. लांबून मोठ्या झूमने चोरून काढला असता तर बोटं मिळाली असती, ती गोष्ट मिळाली नसती. त्या प्रवासाची आठवण म्हणून मला समुद्र आधी आठवत नाही, ती बोटं आठवतात.

रात्रीच्या आकाशासाठीही लेन्स चालते. ५०० ला फुल फ्रेमच्या तुल्य फोकल लेंग्थने भागायचं, ५०० भागिले ७५ म्हणजे सहा सेकंदांच्या थोडं वर. त्याहून जास्त वेळ शटर उघडं राहिलं की ताऱ्यांच्या रेघा होतात, आणि मी तर चारवरच थांबते. अख्खी आकाशगंगा मावत नाही, पण एखादा तारकासमूह सुरेख येतो.

उणिवा थोडक्यात. एफ/१.८ ला कडा मऊ असतात आणि कोपरे काळवंडतात, एफ/२.८ पासून चित्र सुधारतं आणि ४ ते ५.६ ला अप्रतिम होतं. चमकत्या कडांना फोकसच्या पुढे जांभळी आणि मागे हिरवी झालर दिसते. सॉफ्टवेअर ती बरीच काढतं, पूर्ण नाही. समोरून ऊन आलं की चित्र फिकं पडतं, तेव्हा हूड (लेन्सच्या तोंडावरचा आडोसा) कायम लावून ठेवा. कमी प्रकाशात ऑटोफोकस कधीकधी पुढेमागे शोधत राहतो आणि मोटरचा आवाज व्हिडिओत ऐकू येतो. लेन्समध्ये स्थिरीकरण नाही, म्हणून हातात धरून १/८० च्या खाली जाऊ नये. अपर्चरच्या पात्या सात असल्याने एफ/११ ला रस्त्यावरच्या दिव्यांना चौदा किरणं येतात, हे मला दोषापेक्षा गंमत म्हणूनच आवडतं. दमट हवेत बुरशीची भीती प्रत्येक लेन्सला असते, तेव्हा वापरून झाल्यावर सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा.

कोणाला सुचवेन? क्रॉप सेन्सर असेल आणि माणसांचे फोटो काढायची ओढ असेल तर डोळे मिटून. घरातल्या छोट्या खोल्या आणि रस्त्यावरची गर्दी हाच तुमचा विषय असेल तर आधी ३५ एमएम बघा, ती एपीएस-सीवर साधारण ५२ ते ५६ सारखी दिसते आणि मी वर सांगितलेली जागेची अडचण बऱ्यापैकी सोडवते. घरगुती कार्यक्रमांची कामं वाढल्यामुळे माझीही पुढची खरेदी तीच असेल. पोर्ट्रेट आणि रंगमंच मात्र ५० कडेच राहतील.