पीजीबॅकरेस्ट : ट्रान्झॅक्शन लॉग किती दाबावेत?

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या बॅकअपसाठी वापरल्या जाणाऱ्या पीजीबॅकरेस्ट या मुक्तस्रोत साधनाचे हे परीक्षण त्याच्या एकाच अंगापुरते आहे : ट्रान्झॅक्शन लॉग (डेटाबेसमधील प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद) साठवताना ते कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या लेव्हलला (किती जोर लावून) कॉम्प्रेस करायचे, म्हणजे दाबून लहान करायचे. साधन विश्वासार्ह आहे आणि मी ते नि:संकोच सुचवीन. मात्र कॉम्प्रेशनची मूळ सेटिंग आहे तशी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्याकडे या साधनावर कोल्हापूर परिसरातील दूध संस्थांचा हिशेब अवलंबून आहे. सकाळ-संध्याकाळच्या संकलनात प्रत्येक उत्पादकाचे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) आणि दर यांची नोंद पडते. दर दहा दिवसांनी बिल निघते तेव्हा पशुखाद्याची कपात, उचल आणि मागील बाकी धरून जवळजवळ प्रत्येक खात्यात फेरफार होतो. सर्व्हर कोल्हापुरातच आहे, पण लॉगची प्रत पुण्याला जाते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक ठप्प झाली, त्यानंतर जिल्ह्याबाहेर प्रत का ठेवायची हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

पोस्टग्रेस हा लॉग १६ एमबीच्या सेगमेंटमध्ये (स्वतंत्र फाइलींमध्ये) लिहितो. चेकपॉइंटनंतर (मेमरीतील बदल डिस्कवरील डेटात उतरवण्याच्या टप्प्यानंतर) एखादे ८ केबीचे पान (डेटाचा ठरावीक आकाराचा ठोकळा) पहिल्यांदा बदलले की केवळ तो बदल नव्हे, तर अख्खे पानच लॉगमध्ये उतरते, आणि चेकपॉइंट मूळ सेटिंगनुसार दर पाच मिनिटांनी होत असल्यामुळे बिलाच्या दिवशी लॉग प्रचंड फुगतो. कॉम्प्रेशनची पद्धत ठरवण्याआधी पीजी-वॉलडम्प या लॉग वाचून दाखवणाऱ्या साधनाला स्टॅट्सचा (आकडेवारीचा) पर्याय देऊन लॉगमध्ये अख्ख्या पानांचा वाटा किती आहे, हे प्रत्येकाने आपल्या डेटावर एकदा पाहावेच. तो वाटा मोठा असेल, तर चेकपॉइंटमधील अंतर वाढवण्यानेच बराच फरक पडतो. कोणतीही लेव्हल त्याची जागा घेत नाही.

पीजीबॅकरेस्टमध्ये जीझिप, बीझिप-टू, एलझेड-फोर आणि झेडस्टँडर्ड असे पर्याय आहेत, आणि काहीच न सांगितल्यास जीझिप लेव्हल ६ लागू होते. माझा आक्षेप नेमका इथे आहे. जीझिप पुनरावृत्ती शोधण्यासाठी मागचे फक्त ३२ केबी पाहते, म्हणजे पोस्टग्रेसची जेमतेम चार पाने. एलझेड-फोरची मर्यादा ६४ केबी आहे. झेडस्टँडर्ड मात्र लेव्हल ३ ला साधारण २ एमबी मागे पाहू शकते, त्यामुळे एकाच टेबलाची सारख्या घडणीची पाने सेगमेंटमध्ये दूरदूर विखुरलेली असली तरी त्यांतले साम्य तिच्या हाती लागते. दूध संकलनाच्या नोंदींत संस्थेचा क्रमांक, तारीख आणि वेळ पुन:पुन्हा येत असल्यामुळे हा लाभ प्रत्यक्ष दिसतो : आमच्याकडे जीझिपवरून झेडस्टँडर्डवर आल्यावर फाइली लहान झाल्या आणि प्रोसेसरवरचा भारही हलका झाला. बीझिप-टू या कामासाठी विचारात घेण्याचे कारण मला सापडले नाही. ते फार संथ आहे.

लेव्हलच्या बाबतीत मोह आवरावा. झेडस्टँडर्ड २२ पर्यंत जाते, परंतु ३ च्या पुढे प्रत्येक पायरीला वेळ भराभर वाढतो आणि आकार किरकोळ घटतो. शिवाय हे काम डेटाबेसच्याच मशीनवर चालते, म्हणजे संध्याकाळी संकलन केंद्रांवर उत्पादक रांगेत उभे असताना नोंदी स्वीकारणाऱ्या प्रोसेसरमधूनच त्यासाठी वाटा निघतो. पाठवणी मागे पडली तर न पाठवलेले सेगमेंट सर्व्हरवर साचत जातात, आणि लॉगची डिस्क भरली की पोस्टग्रेस बंद पडतो. म्हणून लेव्हल सरासरी दिवसावर न ठरवता सर्वांत धावपळीच्या तासावर ठरवावी. आम्ही लेव्हल ३ ठेवली आहे. प्रोसेसर कमकुवत असेल तर १ पुरेशी आहे. सोबत लॉगची असिंक्रोनस (पार्श्वभूमीला चालणारी) पाठवणी सुरू करावी, म्हणजे अनेक सेगमेंट एकाच वेळी दाबून पाठवता येतात. तीही मूळ सेटिंगमध्ये बंदच असते.

पोस्टग्रेसचे स्वतःचे वॉल (म्हणजे याच ट्रान्झॅक्शन लॉगचे) कॉम्प्रेशन ही वेगळी गोष्ट आहे आणि तिची गल्लत करू नये. ते फक्त अख्ख्या पानांना लागू होते, आणि नोंद लिहिणारी प्रक्रियाच ते करत असल्यामुळे त्याचा वेळ थेट वापरणाऱ्याच्या वाट्याला येतो. २०२२ मध्ये आलेल्या १५ व्या आवृत्तीपासून तिथेही एलझेड-फोर आणि झेडस्टँडर्ड निवडता येतात, पण लेव्हल सांगता येत नाही. तिथे मी एलझेड-फोर पसंत करतो. ते अतिशय वेगवान आहे, आणि त्याच्या निकालात एंट्रॉपी कोडिंग (वारंवार येणाऱ्या चिन्हांना छोटे संकेत देणे) नसल्यामुळे पुढे झेडस्टँडर्डला दाबण्यासाठी काही शिल्लक राहते. अर्थात आधीच दाबलेल्या पानांवर दुसऱ्या फेरीत पूर्वीइतका लाभ मिळणार नाही, हे गृहीत धरावे.

पुनर्प्राप्तीच्या वेळी झेडस्टँडर्डचा आणखी एक गुण उपयोगी पडतो : उलगडण्याचा वेग लेव्हलवर फारसा अवलंबून नसतो आणि तो जीझिपपेक्षा बराच अधिक असतो. दुपारी शांततेच्या वेळी आर्काइव्ह टाइमआउटमुळे (ठरावीक वेळेनंतर सेगमेंट बदलायला लावणाऱ्या सेटिंगमुळे) अर्धवट भरलेले सेगमेंट बंद होतात, त्यांचीही चिंता नको. ११ व्या आवृत्तीपासून उरलेला भाग शून्यांनी भरला जातो आणि तो जवळजवळ नाहीसा होतो.

पद्धत बदलताना जुने लॉग पुन्हा दाबावे लागत नाहीत, कारण एकाच साठ्यात जीझिप आणि झेडस्टँडर्डच्या फाइली शेजारी शेजारी राहू शकतात. बॅकअपचे मात्र तसे नाही : डिफरन्शियल आणि इन्क्रिमेंटल (फक्त बदललेले तेवढेच साठवणारे) बॅकअप आधीच्या बॅकअपचीच पद्धत पुढे चालवतात, त्यामुळे सेटिंग बदलल्याबरोबर एक पूर्ण बॅकअप घ्यावा आणि त्यासाठी बिलाचा दिवस टाळावा.