केसाएवढी चीर आणि नेमका गिअर

एचओ मापाचे, म्हणजे १:८७ प्रमाणातील माझे खेळण्यातले (घरच्यांच्या मते) इंजिन रुळांवर लंगडू लागले, तेव्हा मी ते बुधवार पेठेतील एका लहानशा दुरुस्तीच्या दुकानात नेले. तेथील काकांनी नवी मोटर माथी मारण्याऐवजी तळाचे झाकण उघडले आणि चाकांच्या आसावरील प्लास्टिकच्या गिअरला गेलेली केसाएवढी चीर मला भिंगातून दाखवली. बदली गिअरचे दात, बाहेरचा व्यास आणि आसाचे छिद्र हे तिन्ही जुळावे लागते. कॅलिपरने सारे मोजल्याखेरीज त्यांनी सुटा भाग मागवला नाही. त्यात तीन आठवडे गेले, शिवाय पावतीवर भागाचा क्रमांक लिहिला नाही, हे खटकले. आता १६.५ मिलिमीटर गेजच्या रुळांवर इंजिन सात डबे घेऊन विनातक्रार वळते.