फौंड्रीत जुन्या-नव्या माणसांचं जमावं म्हणून घेतलेलं ट्रेनिंग: आमचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची ग्रे आयर्नची फौंड्री (ओतीव लोखंडाचे पार्ट करायचा कारखाना) आहे, मी मोल्डिंग आणि सॅन्ड प्लांट, म्हणजे साचे आणि त्यांची वाळू तयार करायचं काम बघतो. मागच्या वर्षी मॅनेजमेंटनं एका ट्रेनिंगवाल्या संस्थेला बोलावलं, विषय काय तर वेगवेगळ्या वयाच्या कामगारांनी एकत्र नीट काम कसं करायचं. दोन दिवस हॉलमध्ये आणि नंतर सहा आठवडे, आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष शॉपवर (कारखान्यात कामाच्या जागी) असं पॅकेज होतं. फी म्हणाल तर एका ज्युनियर इंजिनीअरच्या साधारण तीन महिन्यांच्या पगाराएवढी. संस्थेचं नाव इथं लिहीत नाही, कारण अशी पॅकेजं विकणाऱ्या बऱ्याच संस्था आहेत आणि तुमच्याकडं येतील तेव्हा काय मागायचं, काय नको म्हणायचं हे कळावं एवढ्यासाठी लिहितोय.

आधी आमच्याकडं परिस्थिती काय होती ते सांगतो. एका बाजूला पन्नाशी-साठीतले मामा लोक, दहावीच्या आत शाळा सुटलेली, पहिल्यांदा कोल्हापुरातल्या उद्यमनगरात कुणाच्या तरी हाताखाली हातानं साचे भरायला शिकलेले, ऑइल इंजिनचे पार्ट ओतत मोठे झालेले. दुसऱ्या बाजूला आयटीआय, डिप्लोमा करून आलेली पोरं, त्यातली बरीच ॲप्रेंटिस. मामांचं म्हणणं पोरं मोबाईल सोडत नाहीत आणि वाळूला हात लावायला लाजतात, पोरांचं म्हणणं मामा काही सांगतच नाहीत, विचारलं तर "बगून शीक" म्हणतात. आणि ब्लो होल (ओतलेल्या पार्टात गॅसनं पडलेलं भोक) निघाला की दोघं एकमेकांकडं बोट दाखवणार आणि मधी मी.

हॉलमधले दोन दिवस खरं सांगायचं तर वाया गेले. बेबी बूमर, जेन एक्स, मिलेनियल, जेन झी अशा स्लाईड, त्यात १९४६ ते १९६४ मध्ये जन्मलेले लोक असे असतात वगैरे. अहो तो हिशोब अमेरिकेतला, महायुद्ध संपल्यावर तिथं जी पोरं जन्मली त्यांचा. आमच्या मामांनी लहानपणी ७२ च्या दुष्काळात सुकडी खाल्लेली, त्यांचा आणि त्या बूमरचा काय संबंध? कोल्हापुरातल्या फौंड्रीत पिढी मोजायची तर कोण हातमोल्डिंगच्या काळातला, कोण मशीन आल्यावरचा आणि कोण ॲप्रेंटिस म्हणून आलेला अशी मोजावी लागते. वर आणि त्या स्लाईडचा तोटाच झाला, पुढचा आठवडाभर पोरांना सगळे "ए जेन झी" म्हणून चिडवत होते आणि एक चांगला पोरगा त्यावरून खरंच दुखावला. फुगे फोडायचा खेळ पण झाला, त्यावर जास्त लिहीत नाही.

पण तिसऱ्या दिवसापासून जो ट्रेनर शॉपवर आला तो माणूस वेगळा होता. स्वतः मशीनशॉपमध्ये काम केलेला, बोलायला कमी, बघायला जास्त. त्यानं पहिल्याच दिवशी आमचं रोजचं भांडण पकडलं.

भांडण असं. लॅबमधला डिप्लोमावाला मुलरवरनं (मुलर म्हणजे वाळू, ती धरून ठेवणारी बेंटोनाइट माती आणि पाणी मिसळायचं यंत्र) सॅम्पल घेतो, मॉइश्चर साडेतीन टक्के, कॉम्पॅक्टॅबिलिटी (वाळू दाबल्यावर किती टक्के बसते ते) चाळीसच्या आसपास, सगळं ओके लिहून मोकळा होतो. तीच वाळू मोल्डिंग मशीनला येते तेव्हा मामा मुठीत दाबून बघतात आणि म्हणतात वाळूत जीव नाही. मग मामा कुणाला न विचारता बादलीनं पाणी मारणार, पाणी जास्त झालं की गॅस, गॅस झाला की ब्लो होल. पोरगा म्हणणार माझं रीडिंग बरोबर होतं, मामा म्हणणार तुझं मशीन खोटं. सेकंड शिफ्टला तर हे हमखास.

ट्रेनरनं काय केलं, त्याच वाळूचं सॅम्पल दोनदा घ्यायला लावलं, एकदा मुलरवर आणि एकदा मशीनच्या हॉपरखाली, सोबत थर्मामीटर. रिटर्न सॅन्ड (साचे फोडून परत वापरायला येणारी वाळू) दिवसभर फिरून फिरून तापलेली, ५० डिग्रीच्या वर, त्यामुळं मुलरपासून मशीनपर्यंत बेल्टवरनं येता येताच पाणी उडून जात होतं. म्हणजे पोराचं रीडिंग मुलरवर खरं आणि मामांची मूठ मशीनवर खरी! दोघं इतकी वर्षं... म्हणजे पोरगा वर्षभरच, पण मामा तर किती वर्षं हे सांगत होते आणि आम्ही ऐकत नव्हतो, म्हातारा माणूस हट्टी असतो म्हणून सोडून देत होतो. मला त्या दिवशी मनापासून वाईट वाटलं. उपाय बादली नव्हताच, वाळू थंड करणं होता, आणि आमचा सॅन्ड कूलर कित्येक महिने अर्धवट चालत होता.

त्यानंतर त्यानं जी पद्धत लावली ती नवीन नाही, आणि त्यानंही ती स्वतःची म्हणून विकली नाही हे मला आवडलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांना घाईघाईनं नवीन माणसं शिकवायची होती तेव्हा ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाची योजना निघाली, १९४० ते ४५ मध्ये, आणि युद्ध संपल्यावर ती जपानमध्ये गेली. चार पायऱ्या: शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, काम करून दाखवत सांगा, त्याच्याकडून करून घ्या आणि नंतर लक्ष ठेवा. त्यांच्या खिशातल्या कार्डावर एक वाक्य असायचं, शिकणाऱ्याला जमलं नाही म्हणजे शिकवणाऱ्यानं शिकवलंच नाही. हे वाक्य मराठीत मोठ्या अक्षरात सॅन्ड प्लांटला लावलंय.

अवघड होतं ते मामांच्या हातातलं कागदावर आणणं. ट्रेनर विचारायचा, वाळू चांगली हे कसं कळतं? मामा म्हणायचे "हाताला कळतंय की." मग हाताला काय कळतं? "आता ते कसं सांगू तुला, लेका." अख्खी सकाळ गेली. पण शेवटी निघालं आणि कार्डावर लिहिलं ते असं: मूठ आवळून उघडली की बोटांचे ठसे नीट उमटले पाहिजेत, गोळा मधनं मोडला तर कडा स्वच्छ तुटल्या पाहिजेत, तळव्याला चिकटली तर पाणी जास्त, कडा भुरभुरल्या तर पाणी कमी नाहीतर वाळू तापलेली, आणि तापलेली असेल तर पाणी मारायचं नाही, आधी सुपरवायझरला सांगायचं. प्रत्येक ओळीपुढं "का" लिहिलेलं, आणि ते "का" लिहायला तो डिप्लोमावाला पोरगा बसला. कार्डावर खाली मामांचं नाव आहे. मामांनी त्या कार्डाचा फोटो घरी पाठवला, सुनेनं स्टेटसला ठेवला.

उलट दिशेनं पण झालं, पोरांना मामांना शिकवायला लावलं आणि तीच चार पायऱ्यांची शिस्त त्यांनाही. पोरं भराभर बटणं दाबून दाखवतात आणि "कळलं ना?" विचारतात, समोरचा लाजेनं हो म्हणतो. इथं एक गोष्ट बाहेर आली. जुने लोक मशीनच्या बटणांच्या पॅनेलवर काम करत नाहीत, टाळाटाळ करतात असं आम्ही समजत होतो, खरं कारण म्हणजे त्यांना पॅनेलवरचे बारीक इंग्रजी आकडे-अक्षरं दिसतच नव्हती! चाळीशीचा चष्मा घातला की त्यावर सेफ्टी गॉगल बसत नाही, म्हणून चष्मा डब्याच्या पिशवीतच. कंपनीनं नंबरचे सेफ्टी गॉगल करून दिले, पॅनेलवर मराठी स्टिकर लावले आणि निम्मी टाळाटाळ तिथंच संपली.

आता माझं स्वतःचं मत. वयामुळं माणसं भांडत नाहीत. मामा शिकवत नाहीत कारण त्यांना वाटतं एकदा पोराला सगळं आलं की माझी गरज संपली. पोरगा मन लावत नाही कारण ॲप्रेंटिस कायद्यानं तो कामगार नाही, शिकाऊ आहे, वर्ष संपलं की पुढं काय हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. आणि दोघांना शिकवायला-शिकायला वेळ कुठला, प्रॉडक्शनचा आकडा तर तोच. ट्रेनरनं मॅनेजमेंटकडून एक गोष्ट भांडून घेतली, की शिकवण्याचा अर्धा तास शिफ्टमध्येच धरायचा आणि त्या अर्ध्या तासाचे साचे टार्गेटमधनं कमी करायचे. सगळ्या पॅकेजमध्ये हीच गोष्ट सगळ्यात जास्त किमतीची. मामांना पण लेखी दिलं की शिकवलं म्हणून कुणाची बदली होणार नाही. हे झालं नसतं तर कार्डं नुसती भिंतीवर राहिली असती.

रिजेक्शन, म्हणजे खराब निघणारा माल, कमी झालं का? झालं. पण त्याच महिन्यात सॅन्ड कूलर दुरुस्त केला, त्यामुळं सगळं श्रेय ट्रेनिंगला देणार नाही. कूलर दुरुस्त करायचं सुचलं ते मात्र या ट्रेनिंगमुळंच.

कमी काय पडलं ते पण सांगतो. सेकंड शिफ्टला ट्रेनर फक्त एकदा आला, खरी अडचण तर तिथंच. तीन महिन्यांनी फॉलोअपला येतो म्हणाले होते, चार फोन करावे लागले. आणि सगळ्यात मोठं म्हणजे फेटलिंग (ओतलेले पार्ट घासून साफ करणं) आणि पोअरिंगला (लोखंड ओतायला) असलेली कॉन्ट्रॅक्टवरची माणसं, बिहार-ओडिशातनं आलेली, यात धरलीच नव्हती. त्यात चूक संस्थेची तेवढीच आमच्या कंपनीचीपण, माणसांची यादी आम्हीच दिली होती. वितळलेलं लोखंड ज्यांच्या हातात असतं त्यांनाच बाहेर ठेवलं, हे बरोबर नाही झालं.

कुणी घेणार असेल तर हॉलचे दोन दिवस काढून टाका म्हणून सांगा, ते पैसे शॉपवरच्या दिवसांत वळवा, आणि येणारा ट्रेनर स्वतः कधी शॉपवर उभा राहिलाय का हे आधी विचारा. शॉपवरच्या भागाला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, हॉलच्या भागाला एक.

आमची पुढची बॅच फेटलिंगची आहे. कार्डं हिंदीत पाहिजेत आणि निम्मे दिवस सेकंड शिफ्टला पाहिजेत, हे या वेळी ऑर्डरमध्येच लिहून घेतलंय.