मांडव्याला आधी कोण? चार जातीच्या बोटींचा हिशेब

अलिबागजवळच्या चोंढीला पुतण्याची हळद होती. घरातले सगळे लालबागहून निघणार, म्हणून भाचीने फर्मान काढलं: चार टोळ्या, चार बोटी, एकाच वेळी दारातून निघायचं आणि मांडव्याच्या जेट्टीवर पाय ठेवेल तो पहिला. अक्का दोन सांगाड्यांच्या कॅटमरानने, दाजी गाड्याही वाहून नेणाऱ्या रो-रोने, नाना आणि त्याची मित्रमंडळी साध्या लाँचने. भाची आणि मी भाड्याच्या स्पीडबोटीत. उभा जन्म मी गोदीत इंजिनं खोलण्यात घालवला, त्यामुळे इंजिनाच्या जवळ बसायला मला कुणी ना म्हणत नाही.

पैज रंगायचं कारण अंतर. रस्त्याने पेण-वडखळ करत शंभरावर किलोमीटर, समुद्रातून जेमतेम 18-19. म्हणजे साधारण 10 सागरी मैल.

आधी लाँच. लाकडी, पोटाळू, वर ताडपत्री. हिच्याकडून घाईची अपेक्षा ठेवणं हाच अन्याय. पाणी कापत जाणाऱ्या बोटीच्या वेगाला लांबीचा लगाम असतो. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा, तेवढे नॉट, म्हणजे तासाला तेवढे सागरी मैल. 49 फुटांची लाँच असेल तर 7 गुणिले 1.34, साडेनऊच्या आत. त्यापुढे दुप्पट मोठं इंजिन बसवलंत तरी बोट स्वतःच्याच लाटेच्या चढावर अडकते आणि डिझेलचा नुसता धूर होतो. तासाभराचा प्रवास धरून चाला. नानाची मंडळी भेळ खात, सीगलना गाठ्या टाकत आली, चौथी आली आणि एकालाही त्याचं काही वाटलं नाही.

स्पीडबोटीचं गणित वेगळं. ती एका वेगानंतर पाण्यातून उठते आणि वरून घसरत जाते, त्यामुळे लांबीचा लगाम सुटतो. 25 नॉटने गेलं तर मांडवा 24 मिनिटांत. कागदावर आम्ही जिंकलोच होतो.

पण गेटवेच्या पायऱ्यांवर बोट लावायला पाळी लागते. आमची पाळी येईपर्यंत अक्काची कॅटमरान वेळेवर सुटून निघूनही गेली. सुटलो तेव्हा दुपार कलली होती. सकाळी मतलई वारा पडला की हार्बर कसं तुपासारखं असतं, दुपारनंतर खारा वारा चढतो आणि बारीक, उभ्या लाटा उठतात. आमच्या बोटीचा तळ मागच्या बाजूला बराच सपाट. असा तळ लवकर उठतो, पेट्रोल कमी पितो आणि प्रत्येक लाटेवर आपटतो. कमरेचे मणके मोजून घ्यायचे असतील तर मागच्या बाकावर बसा.

खलाशी मात्र तयारीचा निघाला. पोरसवदा, पण एक हात सतत थ्रॉटलवर. लाट चढताना किंचित सोडायचा, माथ्यावरून उतरताना परत भरायचा, पंखा हवेत येऊन इंजिन किंचाळलं असं एकदाही झालं नाही. अर्ध्या वाटेवर माझं लक्ष डाव्या इंजिनाच्या बाजूने उडणाऱ्या धारेकडे गेलं. इंजिन गार करून बाहेर पडणारं ते पाणी. धार बारीक झाली, मग नुसती ठिबकायला लागली. मी ओरडायच्या आत त्याने इंजिन बंद करून वर उचललं होतं. पाणी ओढणाऱ्या जाळीवर दुधाची पिशवी चिकटलेली. ती खरवडून काढली, इंजिन खाली सोडलं, धार परत जोरात आली, निघालो. ज्यांना हे ठाऊक नसतं ते तसंच दामटतात आणि मग जाम झालेलं पिस्टन माझ्यासारख्याकडे येतं. खलाशाला पूर्ण गुण. बोटीच्या मालकाचे कापले, कारण लाइफ जॅकेटांचे पट्टे सडके होते आणि माझ्या जॅकेटचं बक्कल लागेचना. मी दुसरं मागून घेतलं, तुम्हीही घ्या. डिसेंबर 2024 मध्ये याच पाण्यात इंजिनची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट 'नीलकमल' या प्रवासी लाँचवर आदळली आणि माणसं गेली. जोरात जाणारी आणि सावकाश जाणारी बोट एकाच पाण्यात असते तेव्हा चुकायला दोन-चार सेकंद पुरतात. आमची पैज घड्याळाशी होती. लाँचच्या जवळून जाताना वेग उतरवायचा हे मी पायरीवरच सांगून ठेवलं होतं.

भाचीला शर्यतींचं वेड लागलं ते मार्च 2017 मध्ये मरीन ड्राइव्हला पी-वन पॉवरबोटी धावल्या तेव्हापासून. तिथे सगळ्यांना एकसारखी बोट आणि एकसारखं इंजिन. ती म्हणते, तीच खरी शर्यत, माणसाचा कस लागतो. मला ते परीक्षेच्या हॉलसारखं वाटतं. वेगवेगळ्या जातीच्या बोटी एकत्र सोडल्याशिवाय बोटीतलं शहाणपण कळत नाही. 1960 ची मायामी-नासाऊ पॉवरबोट शर्यत घ्या. समुद्र खवळलेला, आणि डिक बर्ट्रामची 30 फुटी लाकडी 'मॉपी' 8 तासांत पोहोचली. तिचा तळ बोटींचे आराखडे करणाऱ्या रे हंटने खोल व्ही आकाराचा, पार मागच्या टोकापर्यंत तसाच ठेवून काढला होता. दुसरी आली तीही हंटच्याच तळाची, मॉपीहून लहान. बाकीच्या दुसऱ्या दिवशी. इंजिनाची ताकद सगळ्यांकडे होती, लाट कापायला तळ दोघींकडेच. आमची बोट तशी असती तर माझी कंबर आज बरी असती.

मात्र एकत्र सोडलं तरी बक्षिसं वर्गवार हवीत, हेही खरं. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मोटरबोटींचे तीन वर्ग केले होते, आणि साउदॅम्प्टनच्या पाण्यात प्रत्येक वर्गात एकच बोट शेवटपर्यंत पोहोचली. पुन्हा कधी तो खेळ पदकांसाठी झाला नाही.

कॅटमरान पहिली आली. दोन अरुंद सांगाडे, मध्ये मोकळी जागा. अरुंद असल्यामुळे लाट कमी उठते, म्हणून लाँचचा लगाम तिला तितका लागत नाही, आणि रुंद पवित्र्यामुळे डुलतेही कमी. पाऊण-एक तास, वेळेवर सुटते, तिकिटात मांडवा ते अलिबाग बसही येते. वरच्या डेकचे जास्त पैसे द्या, खाली डिझेलचा वास येतो. आम्ही काही मिनिटांनी पोहोचलो. अक्का जेट्टीवर हात हलवत उभी होती, तिचा आंबाडा जागच्या जागी.

रो-रो तिसरी. भाऊचा धक्का लालबागला जवळ हा तिचा मोठा फायदा, पण फेऱ्या मोजक्या आणि गाडी चढवायला आधी जाऊन उभं राहावं लागतं. ग्रीसमध्ये बांधलेली, 500 माणसं आणि 145 गाड्या घेणारी बोट मार्च 2020 मध्ये इथे सुरू झाली. आम्हाला मणके मोजायला लावणाऱ्या लाटा तिला कळल्याही नसाव्यात. दाजींनी चहा पिता पिता पेपर वाचला म्हणे.

आणि मग घोळ झाला. कॅटमरानची बस भरेपर्यंत अक्का थांबली, आम्ही रिक्षा शोधत राहिलो, दाजी रॅम्पवरून गाडी थेट बाहेर काढून चोंढीच्या मांडवात पहिले. आता त्यांचं म्हणणं, शेवटची रेषा मांडवाची धरा. भाची ऐकत नाही. "दाजी, जेट्टी ठरली होती, नियम म्हणजे नियम." हळदीत हाच विषय.

माझा कौल: एकटेदुकटे असाल आणि पावसाळा नसेल तर कॅटमरान. म्हातारी माणसं, सामान, गाडी असेल तर रो-रो. पावसाळ्यात गेटवेच्या फेऱ्या बंद असतात तेव्हाही हवामान बरं असेल तर तीच. स्पीडबोट फक्त सकाळी आणि बोटीभर माणसं असतील तरच. एरवी त्या भाड्यात घरच्या सगळ्यांची कॅटमरानची तिकिटं निघून वर कोळंबीचं जेवण होतं. बसण्याआधी दोन्ही इंजिनांची धार बघा, जॅकेटचं बक्कल लावून बघा. आणि रविवारी संध्याकाळी परतायचं असेल तर परतीचं तिकीट जातानाच काढा, मांडव्याची रांग पार गेटाबाहेर येते.